हिवाळ्यातले पाणी आणि बुडालेले शिवार

खानदेशची ख्याती उन्हाची. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उतरलेल्या प्रवाशाने सांगितलेली तिथल्या उष्म्याची वर्णने मुंबई-पुण्यापर्यंत पोचली असल्यामुळे, याच मुलखात पौष-माघाच्या पहाटे हातपाय आखडण्याइतका गारठा पडतो, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील तापमापकाचा पारा काही वर्षी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि रावेर-यावल पट्ट्यातील केळीला थंडीचा चरका बसू नये म्हणून शेतकरी रात्र रात्र बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करीत बसतो, ही गोष्ट बाहेरच्यांच्या गावीही नसते. सातपुड्याच्या माथ्यावर, अक्कलकुव्याकडील डाबच्या परिसरात, म्हणजे १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच मोडणाऱ्या प्रदेशात, कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठून पांढरे पडते. परंतु दव गोठले तरी तळे गोठत नाही. तोरणमाळच्या यशवंत तलावाचे पाणी त्या पहाटेही हलतच असते, आणि खाली तापीकाठच्या हतनूर जलाशयावर भोई बांधव नेहमीप्रमाणे जाळी उचलायला निघालेले असतात.

ज्या देशांत तळी खरोखर गोठतात, तेथेही त्या सुमारास मासेमारी थांबत नाही. फिनलंड, स्वीडन, रशिया, कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील संस्थाने येथे जानेवारीत गोठलेल्या सरोवरावर माणसे चालत जातात, गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात, आणि त्या भोकातून बारीक गळ सोडून ‘पर्च’ नावाच्या माशाची वाट पाहत बसतात. मिनेसोटात किंवा ऑन्टारिओत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सरोवराच्या मध्यावर उभ्या केलेल्या मोटारी आणि लाकडी खोपटी पाहून प्रथम जो अचंबा वाटतो, तो चार बोटे जाडीचा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरचा, स्वच्छ व सलग बर्फ माणसाचे ओझे सहज पेलतो हे कळल्यावर ओसरतो. उरतो तो खरा प्रश्न, आणि तो हतनूरवरच्या भोयाच्या प्रश्नाहून निराळा नाही: वरून काहीच दिसत नसताना मासा खाली नेमका कोठे आहे, हे ओळखायचे कसे? या प्रकरणात हाच प्रश्न खानदेशच्या पाण्यावर उभे राहून सोडवायचा आहे. बर्फाखालचा पर्च आपल्याला अधूनमधून साक्षीदार म्हणून बोलवावा लागेल, कारण पाण्याचा एक मूलभूत धर्म त्याच्याकडे जितका उघडा दिसतो तितका आपल्याकडे दिसत नाही.

तो धर्म असा. बहुतेक द्रव्ये थंड होता होता घट्ट व जड होत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच तसे वागते आणि त्याखाली उतरले की पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे उत्तरेकडच्या सरोवरात शरद ऋतूत पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन खाली जाते, खालचे वर येते, आणि सारे सरोवर चार अंशांवर येईपर्यंत ही उलथापालथ चालू राहते. त्यानंतर पृष्ठावरचे पाणी आणखी थंड झाले तरी ते बुडत नाही. वरच राहते आणि तेथेच गोठते. एकदा बर्फाची ही गोधडी पसरली की वारा पाण्याला शिवत नाही, आणि तळाशी चार अंशांच्या जवळपासचे, म्हणजे त्या हंगामातले सर्वांत उबदार पाणी निश्चल पडून राहते. तोरणमाळचा तलाव का गोठत नाही याचे उत्तरही यातच आहे. गवताच्या पात्यावरचा थेंब गोठवायला एक रात्र पुरते. तलाव गोठवायचा तर आधी त्याचे सगळे पाणी, तळापर्यंत, चार अंशांवर आणावे लागते, आणि आपल्या दोन-चार कडाक्याच्या रात्रींच्या मागोमाग लख्ख उन्हाचे दिवस येत असल्यामुळे ती मजल कधीच गाठली जात नाही. खानदेशातील मोठ्या जलाशयांचे पाणी भर हिवाळ्यातही वीस अंशांच्या आसपास राहते.

वीस अंशांचे पाणी पर्चला उन्हाळ्याचे वाटेल. आपल्या रोहू-कटल्याला मात्र तीच थंडी होय. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या अंगाची ऊब म्हणजे भोवतीच्या पाण्याचीच ऊब, आणि पाणी दहा अंशांनी उतरले की त्याचा श्वास, पचन आणि हालचाल स्थूलमानाने निम्म्यावर येते. पंचवीस ते तीस अंशांत भरभर वाढणारा रोहू वीसच्या खाली खाणे आटोपते घेतो. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली आणि आज तळ्यातळ्यांतून पसरलेली चिलापी तर जन्माने आफ्रिकेतली. पंधरा-सोळा अंशांच्या पाण्यात ती जवळजवळ उपाशीच राहते आणि दहाच्या आसपास मरू लागते. म्हणून हिवाळ्यात मासा शोधणे म्हणजे दोन गोष्टींचा ठाव घेणे: त्याला सोसणारी ऊब कोठे आहे आणि त्याला पुरेल इतका प्राणवायू कोठे आहे. भक्ष्याचा विचार त्यानंतरचा. भुकेपेक्षा श्वासाची निकड अगोदरची असते.

प्राणवायूच्या बाबतीत थंड पाणी उदार असते. शून्य अंशाच्या एका लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, वीस अंशांच्या पाण्यात ९.१, आणि तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. तरीदेखील बर्फाखाली मासे गुदमरून मरण्याचे प्रसंग येतात, कारण बर्फावर हिमाचा जाड थर साचला की सूर्यप्रकाश आत जात नाही, पाणवनस्पतींचे प्राणवायू निर्माण करणे थांबते, आणि तळाचा कुजणारा गाळ उरलासुरला साठा खाऊन टाकतो. पर्च अशा वेळी तळ सोडून वर सरकतो, आणि जाणता गळवाला खोल भोके सोडून उथळ भोकांकडे वळतो. आपली मरळ मात्र अशा सरोवरात टिकलीच नसती. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेचा श्वास घेण्याची वेगळी पोकळी असते आणि थोड्या थोड्या वेळाने पृष्ठावर येऊन हवेचा घोट घेतल्यावाचून तिला जगता येत नाही. डबक्यातल्या सडक्या पाण्यात इतर मासे मरतात तेव्हा तिला तारणारी हीच युक्ती बर्फाच्या छताखाली तिचा जीव घेईल; पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच बुडून मेला असे म्हणण्याचा विचित्र प्रसंग तेथे येईल. खानदेशातील मरळ पकडणारे तिला याच श्वासावरून हुडकतात. निवांत पाण्यावर शेवाळाच्या कडेला एखादा बुडबुडा फुटतो, वलय उठते आणि विरते. उन्हाळ्यात ही वलये वरचेवर उठतात, तर हिवाळ्यात मरळीची प्राणवायूची गरज उतरल्यामुळे दोन वलयांमधील अंतर वाढते आणि पाहणाऱ्याच्या सहनशीलतेची परीक्षा होते.

आता मोठ्या जलाशयाकडे वळू. उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या पाण्याचे थर पडतात: वरती तापलेले हलके पाणी, खाली गार व जड पाणी, आणि दोहोंचा एकमेकांशी व्यवहार बंद. खालच्या थरातला प्राणवायू गाळ खाऊन टाकतो. तेथे गारवा असतो पण श्वास नसतो, म्हणून मासा नाइलाजाने वरच्या कोमट पाण्यात राहतो. आणखी एक बारकावा असा की पाणी जितके उबदार तितका एकेका अंशाचा फरक अधिक वजनदार. चार आणि पाच अंशांच्या पाण्यांच्या घनतेत जितके अंतर आहे, त्याच्या सुमारे तीसपट अंतर चोवीस आणि पंचवीस अंशांच्या पाण्यांत असते. त्यामुळे आपल्याकडे दोन-तीन अंशांचा फरकही थर पाडायला आणि मोडायलाही पुरतो. कार्तिकापासून रात्री गार होऊ लागल्या की पृष्ठावरचे पाणी जड होऊन बुडते, त्याच्यासोबत प्राणवायू खाली जातो, आणि मार्गशीर्ष-पौषापर्यंत बहुतेक जलाशय तळापर्यंत एकजीव होतात. बर्फ उत्तरेकडच्या सरोवराला कुलूप घालतो. आपली थंडी उलट कुलूप काढते. मे महिन्यात ज्या खोलीवर मासा पाऊल टाकीत नव्हता ती सगळी खोली त्याला मोकळी होते, आणि दिवस-रात्रीच्या चढउतारापासून सर्वांत दूर असलेल्या त्या स्थिर पाण्यात तो जाऊन बसतो. ‘मासा तयले बसेल शे’, असे अहिराणीत एखादा म्हातारा सहज म्हणून जातो, त्यात ही सारी उलाढाल आलेली असते. हिवाळ्यात जाळी खोल उतरवायची, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

परंतु मासा तळाशी बसला म्हणजे तेथे चिकटून राहिला असे नव्हे. पहाटे काठाजवळचे उथळ पाणी सगळ्यांत गार असते, कारण थोड्या पाण्याची ऊब रात्रभरात चटकन निघून जाते. हे गार आणि म्हणून जड पाणी उतारावरून ओघळत जुन्या नाल्यांच्या घळीतून खोल भागाकडे सरकत राहते. सूर्य वर आला की नेमके उलटे होते: उथळ खाडी सर्वांआधी तापते. दुपारी बाराच्या सुमारास काळ्या मातीचा, उन्हाकडे तोंड केलेला उथळ काठ खोल पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार झालेला असतो आणि खालचा मासा हळूहळू चढून तेथे चरायला येतो. ऊन कलले की परततो. म्हणून पहाटे धुक्यात गळ टाकून कुडकुडणाऱ्या हौशी माणसाला रित्या हाताने परतावे लागते आणि दुपारची भाकरी खाऊन रमतगमत आलेल्याला मासा मिळतो. पहाटे उठणे ही सद्गुणाची गोष्ट असेल. माघातल्या रोहूला तिचे कौतुक नाही. पर्चचा दिनक्रमही असाच दिवसपाळीचा आहे: तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून उजेडात हिंडतो आणि अंधार पडला की तळावर निपचित पडतो.

येथपर्यंत पाण्याचा विचार झाला. पण पाण्याखाली जमीन असते, आणि माझ्या मते मासा शोधण्याच्या विद्येचा अधिक मोठा भाग या जमिनीच्या ज्ञानात आहे. नैसर्गिक सरोवराचा तळ हजारो वर्षांच्या गाळाने गुळगुळीत झालेला असतो. धरणाचा जलाशय म्हणजे मात्र कालपरवापर्यंत नांगरले जाणारे शिवार. तापी आणि पूर्णा यांचा चांगदेवजवळ संगम होतो, त्याच्या खालच्या अंगाला १९८२ साली पूर्ण झालेले हतनूर धरण उभे आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि पूर्णेने वऱ्हाडच्या काळ्या रानातून वाहून आणलेला गाळ साचू नये म्हणून पावसाळ्यात ते उघडून गढूळ पूर खाली सोडावा लागतो. पावसाळा सरताना दरवाजे बंद होऊन पाणी चढले, की त्याच्याखाली नदीचे जुने पात्र, त्याला मिळणारे नाले, काठाच्या खोल घळी, बांध, पांदणी, विहिरी, पडक्या भिंती आणि बाभळीची खोडे अशी एक संपूर्ण बुडालेली वस्ती असते. मासा या वस्तीत माणसाच्याच वाटांनी हिंडतो. जुन्या नाल्याची घळ हा त्याचा हमरस्ता. दुपारी उथळात चढताना आणि संध्याकाळी उतरताना तो सपाट शेतावरून न जाता घळीच्या कडेने जातो, कारण तेथे एका अंगाला खोलीचा आसरा मिळतो. विहिरीच्या दगडी काठाशी वांब लपते. बाभळीच्या खोडांवर शेवाळ धरते, शेवाळात किडे होतात, किड्यांसाठी लहान मासे येतात, आणि त्यांच्यासाठी दबा धरून शिवडा येतो. नदीच्या मूळ पात्राचा काठ जेथे तुटून खाली जातो ती कड म्हणजे शिंगाड्याची हद्द.

जलाशयातील मासेमारीचा ठेका ज्या मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांच्या जुन्या सभासदांना हे शिवार कागदाशिवाय पाठ असते. त्यांतल्या कित्येकांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पाणी येण्यापूर्वी त्याच जमिनीवर गुरे चारलेली असतात. ‘चिंचेच्या वर’, ‘मशिदीच्या नाल्यात’, ‘पाटलाच्या विहिरीकडे’ असे पत्ते ते देतात, आणि ज्या जागी नवख्याला पाण्याच्या पत्र्याखेरीज काही दिसत नाही तेथे होडी बिनचूक थांबवतात. पुढच्या पिढीला मात्र ही स्मृती वारशाने मिळेलच असे नाही. तिने भूमी अभिलेखाच्या कचेरीत जाऊन संपादनापूर्वीचा गावनकाशा पाहावा, अशी माझी सूचना आहे. त्यात नाले, पांदणी, गायरान, पोटखराबा, विहिरी सारे आखलेले असते, आणि ध्वनिलहरी सोडून तळ दाखवणारे जे यंत्र बर्फावरचा पर्चवाला हजारो रुपये खर्चून बाळगतो, त्याचे निम्मे काम हा नकाशा थोड्याशा नक्कल-फीमध्ये करतो. इतिहासाचा एक गमतीचा योग येथे नोंदवण्याजोगा आहे. कंपनी सरकारने खानदेशात जमाबंदीसाठी मोजणी सुरू केली, तेव्हा साऱ्याचा बोजा वाढेल या धास्तीने १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत रयतेने मोजणीदारांविरुद्ध उठाव केला होता. त्या मोजणीच्या परंपरेतले नकाशे सावद्या-फैजपुराच्या शेजारच्या जलाशयात जाळे कोठे टाकावे हे सांगायला उपयोगी पडतील, असे त्या मोजणीदारांच्या किंवा रयतेच्या स्वप्नातही आले नसेल.

नकाशा आणि आजचा तळ यांत गाळामुळे पडलेली तफावत शोधायला एक साधी दोरी पुरते. वीस-पंचवीस हात लांबीच्या, पाण्यात न ताणणाऱ्या दोरीला दर हाताला गाठ मारावी, टोकाला मुठीएवढे शिसे बांधावे, आणि शिशाच्या बुडाशी खोबण करून तिच्यात मेण दाबून भरावे. होडी थांबवून शिसे सरळ खाली सोडले की ते तळाला टेकताक्षणी दोरी सैल पडते. गाठी मोजल्या की खोली समजते. मग शिसे दोन-तीनदा उचलून आपटावे. चिखल असेल तर आपटणे हाताला लागतच नाही, उलट उचलताना शिसे किंचित धरून ठेवल्यासारखे जड वाटते. मुरूम असेल तर दोरीतून बारीक खरखर चढते. खडक असेल तर टणक ठोका बसतो. वर ओढून मेण पाहिले की त्याला चिकटलेले वाळूचे कण, शिंपल्याची चकती किंवा काळा गाळ साक्ष देतो. त्याच दोरीला पुढच्या खेपेस बूच लावलेली जाड काचेची रिकामी बाटली वजन बांधून सोडावी, बुचाला वेगळी सुतळी बांधावी, आणि हव्या त्या खोलीवर सुतळीला झटका देऊन बूच उपटावे. बाटली भरली की चटकन वर घेऊन तिच्यात तापमापक बुडवला म्हणजे त्या खोलीची ऊब कळते. गाळ वर आला तर तो पांढऱ्या थाळीत पाण्याने पातळ करून पाहावा. त्यात तांबड्या रंगाच्या, वळवळणाऱ्या, बोटाच्या पेराहून आखूड अळ्या दिसल्या तर ती जागा ध्यानात ठेवावी. डासासारख्याच पण न चावणाऱ्या कीटकाच्या या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू अगदी तुटपुंजा असलेल्या गाळातही त्या तग धरतात. भर हिवाळ्यात पर्च सरोवराच्या मध्यभागी, आठ-दहा मीटर खोलीच्या सपाट चिखलावर, याच जातीच्या अळ्या टिपत फिरतो. आणि मृगळ व शिंगाडा यांचे हिवाळी चरणेही अशाच गाळावर चालते.

पर्चचे थवे असतात, आणि एका थव्यात प्रायः एकाच आकाराचे मासे असतात. एका भोकात काही वेळ काही लागले नाही तर तेथे बसून राहण्यात अर्थ नसतो. गळवाला उठतो, पुढे जाऊन नवे भोक पाडतो, आणि थवा सापडेपर्यंत चालत राहतो. आपल्याकडचे मासे इतके एकमताचे नाहीत. कटला वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ पाहतो; त्यामुळे एकाच जागी तीन खोल्यांवर तीन निरनिराळे हिशेब मांडावे लागतात. हिवाळ्यात हे थर काहीसे आवळून खाली येतात, परंतु कटला वाऱ्याशी नाते सोडत नाही. तापीच्या खोऱ्यात या दिवसांत वारा बहुधा पूर्वेकडून वा ईशान्येकडून वाहतो. तो दुपारभर वरचे कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव समोरच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या काठाकडे लोटत नेतो, आणि संध्याकाळी कटल्यासाठी जाळे त्याच अंगाला लावणे शहाणपणाचे ठरते. पक्ष्यांची साक्षही काढावी. पाणकावळ्यांचा थवा एका रांगेत बुड्या मारीत सरकत असेल तर लहान मासा काठाकडे दाबला जातो आहे असे समजावे. नदीसुरय एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सूर मारीत असेल तर तेथे वरच्या दोन-चार हातांतच चिमुकल्या माशांचा थर आहे. दूरदेशीची बदके हतनूरवर हजारोंनी उतरतात, पण त्यांच्यावरून माशाचा तर्क बांधू नये. त्यांतली बहुतेक पाणवनस्पतींवर जगणारी आहेत.

पर्चचा एखादा आप्त आपल्याकडे आहे काय? आहे, पण इतका किरकोळ की बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. तापी-गिरणेच्या पाण्यात बोटाएवढा, चपटा आणि काचेसारखा पारदर्शक मासा सापडतो; त्याच्या पाठीचा पुढला पर पर्चसारखाच काटेरी असतो, आणि उजेडाकडे धरले तर पाठीचा कणा व आतील वाताशय स्पष्ट दिसतो. मत्स्यव्यापारात त्याला काच-पर्च म्हणूनच ओळखतात. त्याच्या एका जातीची खोड अशी की संधी मिळाली की तो मोठ्या माशांच्या अंगावरचे खवले खुडून खातो. फिनलंडने ज्याला राष्ट्रीय मासा ठरवले त्या पट्टेदार, तांबूस पराच्या पर्चशी या गरीब नातलगाची तुलना होणे नाही. पण त्या पारदर्शक अंगातून दिसणारा वाताशय एक महत्त्वाचा भेद समजावून देतो. रोहू-कटल्याच्या वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, त्यामुळे खोलातून वर ओढताना फुगलेली हवा ते बाहेर सोडू शकतात. पर्चच्या, काच-पर्चच्या आणि चिलापीच्या वाताशयाला अशी वाट नसते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून झटक्याने वर काढलेल्या पर्चचा वाताशय दुपटीने फुगतो, कधी जठर तोंडावाटे बाहेर ढकलतो, आणि असा मासा दयाबुद्धीने पुन्हा सोडला तरी तो खाली जाऊ न शकल्याने मरतो. लहान म्हणून सोडायचा असेल तर तो उथळातूनच धरलेला असावा.

नद्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली तरी चालेल, कारण पांझरा, बोरी, अनेर यांचे प्रवाह हिवाळ्याच्या उत्तरार्धात रोडावतात आणि मासा डोहांत गोळा होतो. तेथे तो शोधावा लागत नाही. पांझरेवरचे जुने फड बंधारे, ज्यांचे पाणी पाटकऱ्याच्या देखरेखीखाली गावकरीच ठरल्या पाळीने वाटून घेत आले, त्यांच्या वरच्या अंगाला असे डोह बारमाही टिकत. धोका उलट प्रकारचा आहे: जेथे मासा सहज सापडतो तेथे माणूस आडमार्गाने जातो. गेळाच्या फळांचा चेचा डोहात कालवून मासे गुंगवण्याची चाल सातपुड्याच्या पायथ्याला जुनी आहे. सुरुंगाची चाल खाणी आणि रस्ते आल्यानंतरची. १८९७ च्या मासेमारी कायद्याने विष आणि स्फोटक दोन्ही वर्ज्य केली, परंतु एक सुरुंग उडाला की खाण्याजोग्या माशाच्या बरोबर बोटुकली आणि त्याहून लहान मत्स्यजिरेही नष्ट होते, हे कायद्यापेक्षा डोहाकाठच्या माणसांना अधिक कळायला हवे.

जलाशयावर मात्र शोध संक्रांतीनंतरही संपत नाही, कारण तेव्हापासून पाणीच जागा सोडू लागते. रब्बीसाठी कालव्यांची आवर्तने सुटतात, आणि १९६९ साली पूर्ण झालेल्या गिरणा धरणासारख्या ठिकाणी, जेथून चाळीसगावपासून जळगावपर्यंतच्या शेतांची व नळांची तहान भागते, पातळी महिन्या-महिन्याला उतरत जाते. पौषात ज्या बांधावर सहा हात पाणी होते तो माघात उघडा पडतो; उथळ खाड्या तुटतात; मासा नाल्यांच्या घळींतून मागे हटत मूळ पात्राकडे येतो. प्रत्येक आवर्तनानंतर दोरीने पुन्हा खोली मोजावी आणि जाळे नकाशावर एक टप्पा खाली, नदीच्या दिशेने सरकवावे. महाशिवरात्रीपर्यंत दुपारचे पाणी पंचवीस अंशांकडे झुकते, वर पुन्हा कोमट थर बसू लागतो, आणि रोहू तळ सोडून मधल्या पाण्यात चढतो. त्याच सुमारास उत्तरेकडे बर्फ काठाने पोकळ होऊ लागतो, ओढ्यांचे वितळते पाणी सरोवरात शिरते, आणि मध्यभागीच्या चिखलावर हिवाळा काढलेला पर्च अंड्यांच्या लांब फिती पाणवनस्पतींवर टाकण्यासाठी उथळाकडे निघतो. त्याच्या मागोमाग काठाकडे वळताना गळवाल्याने भोक पाडण्याआधी बर्फाची जाडी प्रत्येक पावलाला तपासावी. हंगामाच्या अखेरीचा काळपट, छिद्राळ बर्फ जाडी तेवढीच असली तरी पौषातल्या बर्फाइतके ओझे पेलत नाही.